साकोली पट्ट्यातील जस्त-तांबे खनिजीकरण

विदर्भातील भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत पसरलेला साकोली गटाच्या खडकांचा त्रिकोणी पट्टा हा महाराष्ट्रात बेस मेटल, म्हणजे तांबे, जस्त, शिसे यांसारखे धातू शोधण्याचा प्रमुख प्रदेश आहे. नागपूर जिल्ह्यातील कोलारी-भानोरी येथील जस्त आणि पुलार-परसोडी येथील तांबे ही त्यातील परिचित खनिजस्थाने. याच पट्ट्यात कुही-खोबना-आगरगाव भागात टंगस्टनही आढळते. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथील तांबे मात्र बस्तर क्रेटन या कवचाच्या अतिप्राचीन, स्थिर भागातील ग्रॅनाइटी खडकांत, क्वार्ट्झ-क्लोराइटच्या शिरांत आहे. त्याची जडणघडण वेगळी असल्याने साकोलीचे नियम तिथे लावू नयेत.

भूशास्त्र

साकोली गट प्रोटेरोझोइक (सुमारे २५० ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील आहे. त्याभोवती आमगाव पट्टिताश्म (नाइस, पट्टेदार रूपांतरित खडक), उत्तरेस मँगनीजसाठी प्रसिद्ध असलेला सौसर पट्टा आणि पश्चिमेस गोंडवन गाळखडक व दख्खन ट्रॅपच्या लाव्ह्याचे आच्छादन आहे. गटाचे खालून वर गायखुरी, धाबेटेकडी, भिवापूर आणि पवनी असे चार विभाग पाडतात. शोधाच्या दृष्टीने त्यांतला भिवापूर विभाग सर्वांत महत्त्वाचा. त्यात मुळात चिखलाचे असलेले सुभाजा (शिस्ट, पापुद्र्यांचे रूपांतरित) खडक, रायोलाइट (सिलिकायुक्त लाव्हा) व त्याची राख, बेसाल्ट आणि चर्ट (बारीक कणांचा सिलिकायुक्त खडक) एकमेकांत गुंतलेले आहेत. समुद्रतळावर ज्वालामुखी सक्रिय असताना गरम, धातुयुक्त पाणी भेगांतून वर येते आणि तळाशी पोचून थंड झाले की सल्फाइडे (धातू व गंधकाची संयुगे) साचतात. सिलिकायुक्त लाव्हा, बेसाल्ट आणि अवसाद (गाळ) यांची अशी सोबत म्हणूनच महत्त्वाची मानतात.

त्या गरम पाण्याने धातूपेक्षा कितीतरी मोठ्या क्षेत्रावर खूण सोडलेली असते. आम्लधर्मी पाणी खडकातील सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम धुऊन नेते आणि ॲल्युमिनियम मागे ठेवते. पुढे उष्णता व दाबाने असा खडक बदलला की कायनाइट, सिलिमनाइट, अँडालुसाइट, क्लोरिटॉइड ही ॲल्युमिनियमयुक्त खनिजे तयार होतात. भंडारा जिल्ह्यातील दहेगाव-पिंपळगावचे कायनाइट आणि पोहऱ्याचे सिलिमनाइट, त्यांच्यासोबतचे कोरंडम, टूर्मलीन व पायरोफिलाइट यांचा असाच अर्थ लावता येतो. उष्णतारोधक विटांसाठी खणलेल्या या जागा जस्त-तांब्याच्या शोधात दिशादर्शक ठरू शकतात, आणि त्यांचा तसा वापर अधिक व्हायला हवा. तपासणीसाठी महाग साधन लागत नाही. संपूर्ण खडकाच्या रासायनिक विश्लेषणात सोडियम ऑक्साइड नेहमीच्या रायोलाइटपेक्षा फार घटलेले आणि मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम वाढलेले दिसले, तर तो थर नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवावा.

या खडकांना एकापेक्षा अधिक वेळा घड्या पडल्या आहेत. सल्फाइडे आजूबाजूच्या खडकापेक्षा मऊ असल्याने ती घडीच्या बाजूंवरून पिळून निघून घडीच्या वळणापाशी जाड होतात. त्यामुळे खनिजसाठा अखंड पत्र्यासारखा न राहता एका दिशेने खाली उतरणाऱ्या लांबट भिंगांच्या रूपात राहतो. ही उतरण्याची दिशा खडकातील ताणरेषा आणि लहान घड्यांच्या अक्षांवरून आधी मोजावी लागते.

पृष्ठभागावरचा शोध

सल्फाइडे उघडी पडली की हवा आणि पावसाने त्यांतील लोह गंजून तपकिरी-तांबूस गॉसन बनते. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यातले रामपुरा-आगुचा हे जगातील मोठ्या जस्तसाठ्यांपैकी एक स्थान १९७७ मध्ये अशाच गॉसनवरून सापडले. विदर्भात अडचण ही की जांभा आणि लोहयुक्त मुरूमही तसेच दिसतात. फरक करण्यासाठी खडक फोडून आत बघावे. सल्फाइडाचे कण निघून गेल्यावर उरलेली जाळीदार पोकळ्यांची रचना खऱ्या गॉसनमध्ये दिसते. जांभ्यात सहसा गोल दाणे आणि नळीसारख्या पोकळ्या असतात. विश्लेषणात शिसे, चांदी, बेरियम, बिस्मथ, अँटिमनी एकत्र वाढलेले असतील तर गॉसनचा संशय बळावतो. नुसते क्रोमियम, व्हॅनेडियम वाढलेले असतील तर जांभा समजावा. मँगनीज ऑक्साइड जस्त ओढून धरते, म्हणून मँगनीजसोबत वाढलेले जस्त फसवे असू शकते.

जस्त आम्ल पाण्यात सहज विरघळून निघून जाते, शिसे मात्र जागेवरच राहते. म्हणून गॉसनमध्ये जस्त कमी मिळाले एवढ्यावरून जागा सोडून देणे ही मोठी चूक ठरते. खाली जस्ताचा साठा असूनही वर फक्त शिशाची खूण राहू शकते.

मातीचे नमुने घेण्याची प्रचलित पद्धत म्हणजे खडकांच्या पसरणीला काटकोनात रेषा आखणे. दोन रेषांत १०० मीटर, रेषेवर २५ मीटर अंतर ठेवून नमुने घेतात, वाळवतात आणि ८० मेशच्या चाळणीतून चाळतात, म्हणजे ०.१७७ मिलिमीटरहून बारीक भाग विश्लेषणाला जातो. या पट्ट्यात त्यात तीन स्थानिक काळज्या घ्याव्या लागतात. धानाच्या बांध्यांमध्ये जस्ताच्या कमतरतेसाठी झिंक सल्फेट टाकलेले असते, तेव्हा नांगरटीचा थर ओलांडून किमान ४० ते ५० सेंटिमीटर खालचा नमुना घ्यावा. पत्र्याची छपरे आणि कुंपणाच्या तारा यांच्यावरील जस्ताचा लेप झिजून मातीत उतरतो. गावठाणाजवळचे नमुने म्हणूनच टाळावेत किंवा वहीत तसे नोंदवावेत. तिसरी गोष्ट ओढ्यांची. भंडारा-गोंदियातील जुने मालगुजारी तलाव वरून आलेला गाळ अडवून ठेवतात. तलावाच्या खालच्या ओढ्यातील नमुना वरच्या पाणलोटाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून तो तलावाच्या वरच्या तोंडाशी घ्यावा.

पश्चिमेकडे दख्खन ट्रॅपपासून आलेली काळी माती आहे. बेसाल्टमध्येच तांबे साधारण १०० ते २०० पीपीएम (दशलक्षात भाग) असते, त्यामुळे तिथला तांब्याचा वाढीव आकडा बहुतेकदा मातीचाच असतो. शिवाय उन्हाळ्यात या मातीला भेगा पडून वरचा थर खाली जातो आणि नमुन्यातला थरांचा क्रम बिघडतो. अशा जागी मुरूम किंवा झिजलेला खडक लागेपर्यंत ऑगरने (गिरमिटाने) भोक घेणेच योग्य.

भूभौतिक मापन आणि वेधन

विद्युत मापनांबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. शुद्ध स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचे मुख्य सल्फाइड खनिज, वीज नीट वाहून नेत नाही आणि प्रेरित ध्रुवण मापनात (जमिनीत वीज सोडून ती खंडित केल्यावर उरणारा प्रभार मोजण्यात) त्याचा प्रतिसादही क्षीण असतो. मिळणारा संकेत सोबतच्या पायराइट, पिऱ्होटाइट, चाल्कोपायराइट या लोह-तांब्याच्या सल्फाइडांचा असतो. उलट ग्रॅफाइटयुक्त सुभाजा त्याहून जोरदार संकेत देतो आणि कोरडी, म्हणजे खनिज न लागणारी, भोके पाडायला लावतो. म्हणून ध्रुवण, चुंबकीय आणि गुरुत्व मापने एकमेकांवर ठेवून पाहतात. पाण्याच्या तुलनेत स्फॅलेराइटची घनता सुमारे ४, पायराइटची ५, तर सुभाजाची २.७ ते २.८ असल्याने गुरुत्व मापन ग्रॅफाइटला फसत नाही.

वेधनभोक, म्हणजे यंत्राने पाडलेले नमुनाभोक, थरांच्या नतीच्या (उताराच्या) विरुद्ध बाजूने, ४५ ते ६० अंशांच्या कलाने घ्यावे. भोकातून निघणाऱ्या दंडगोल खडकाचा, म्हणजे गाभ्याचा, व्यास एनक्यू या प्रमाणित आकारात ४७.६, एचक्यूमध्ये ६३.५ मिलिमीटर असतो. झिजलेल्या भागात एचक्यू आणि तिहेरी नळी वापरावी. कारण भुसभुशीत सल्फाइड पाण्याबरोबर वाहून गेले की नेमक्या मोलाच्या भागाचा गाभा हरवतो. खनिजयुक्त भागात गाभा ९० टक्क्यांहून कमी मिळाला, तर त्या भोकाच्या प्रतीवर (धातूच्या टक्केवारीवर) विश्वास ठेवता येत नाही. भोक वाकते, म्हणून दर ३० मीटरला दिशा आणि कल मोजतात. गाभ्यात दिसणारी जाडी ही खरी जाडी नव्हे. गाभ्याच्या अक्षाशी थर ६० अंशांचा कोन करत असेल तर १० मीटरच्या छेदाची खरी जाडी ८.७ मीटर, कोन ३० अंशांचा असेल तर फक्त ५ मीटर.

गाभा लांबीने अर्धा कापून एक भाग विश्लेषणाला पाठवतात, दुसरा जपून ठेवतात. नमुना साधारण एक मीटरचा असतो, पण खडक बदलला की तिथेच तोडतात. दर वीस नमुन्यांत एक प्रमाणित (ज्ञात प्रतीचा), एक कोरा (धातूविरहित) आणि एक दुहेरी (त्याच नमुन्याचा दुसरा भाग) नमुना मिसळणे हा किमान शिस्तीचा भाग आहे.

साठ्याचे गणित आणि जस्ताचे रूप

केवळ उदाहरणादाखल, ४०० मीटर लांब, २०० मीटर खोल आणि ५ मीटर जाड भिंगाचे घनफळ ४ लाख घनमीटर. घनता ३.२ धरली तर १२.८ लाख टन खनिज, आणि प्रत ५ टक्के असेल तर ६४,००० टन जस्त. स्वतंत्र खाण व प्रक्रिया केंद्रासाठी हा आकार लहानच आहे. तुलनेला, रामपुरा-आगुचाचा साठा सुमारे दीड किलोमीटर लांबीचा आहे. साकोलीत एका भिंगावर थांबण्याऐवजी शेजारच्या भिंगांचा समूह शोधणे यासाठीच शहाणपणाचे.

प्रतीचा आकडा मान्य करण्याआधी जस्त कोणत्या खनिजात आहे ते तपासावे. स्फॅलेराइटमध्ये जस्त ६७ टक्क्यांपर्यंत असते आणि ते फेसतरण प्रक्रियेत (खनिज फेसाबरोबर तरंगवून) वेगळे होते. गॅनाइट या जस्त-ॲल्युमिनियम ऑक्साइडातले आणि जस्तयुक्त स्टॉरोलाइटमधले जस्त प्रयोगशाळेच्या आकड्यात येते, पण कारखान्यात टाकाऊ मालातच जाते. शेजारच्या मध्य प्रदेशातील बैतूल पट्ट्यात गॅनाइट चांगलेच आढळते. ते जस्तसाठा जवळ असल्याची उत्तम खूण आहे, मात्र साठ्याच्या हिशेबात धरू नये. त्यासाठी एकूण जस्ताबरोबरच सल्फाइडरूपातील जस्त वेगळे मोजून घेतात.

हक्क आणि बंधने

कॅनडासारख्या देशांत शोधक स्वतःच खनिज क्लेम नोंदवतो. भारतात १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर असे हक्क लिलावाने मिळतात. २०२३ च्या दुरुस्तीने तांबे, जस्त, शिसे यांसह २९ खनिजांसाठी शोधाचा स्वतंत्र परवाना (एक्सप्लोरेशन लायसन्स) आणला. त्याखाली १,००० चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र घेता येते. शोधाची पातळी जी-४, म्हणजे प्राथमिक टेहळणी, ते जी-१, म्हणजे तपशीलवार वेधन, अशी मोजतात. लिलावाच्या कागदपत्रांत साठ्याचा आकडा वाचण्याआधी ही पातळी वाचावी. जी-४ चा आकडा अपेक्षा दाखवतो, खाण आखायला तो पुरत नाही.

पट्ट्याच्या आसपास उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आणि गोसीखुर्दचे जलाशय आहे. त्यांच्या सीमा खडकांच्या नकाशावर पहिल्याच दिवशी आखाव्यात, कारण काही चांगले थर थेट त्यांच्याकडे जातात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची जुनी निरीक्षणे आता २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारात पाहता येतात. नव्या भोकाचा खर्च करण्याआधी जुन्या भोकांचे छेद घडीच्या उतरत्या दिशेनुसार पुन्हा मांडून पाहावेत. जुना गाभा उपलब्ध असेल तर त्यातील क्लोराइट, कायनाइट आणि गॅनाइट यांच्या नोंदी नव्याने घ्याव्यात.