शुगर ७.२ आणि शुगर १३०: आकड्याशेजारचं युनिटही वाचा

मागच्या वर्षी एक काकाजी नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या लॅबमध्ये दोन कागद घेऊन आले. मुलाकडे कॅनडात असताना केलेल्या तपासणीत उपाशीपोटी शुगर ७.२ होती. इथे परत आल्यावर आमच्याकडे ती १९८ आली. "तिकडे सात अन् इकडे दोनशे? मशीन बिघडली का जी?" मशीन ठीक होती. कॅनडातली ७.२ म्हणजे आपल्या हिशेबाने १३०. काकाजींना ती सातच वाटली, शुगर गेली असं समजून त्यांनी गोळी बंद केली आणि दीड महिन्यात १३० ची १९८ झाली. कागदावरच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात छापलेलं युनिट कुणी त्यांना दाखवलं असतं तर हे टळलं असतं. म्हणून हे माहितीपत्रक.

आपल्याकडे संत्री कुणी डझनाने देतो, कुणी किलोने. माल तोच, मोजायची रीत वेगळी. रक्तातल्या साखरेचंही तसंच आहे. भारतात आणि अमेरिकेत ती वजनाने मोजतात: दर १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम. रिपोर्टवर हे ‘एमजी/डीएल’ असं छापलेलं असतं. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात नगाने मोजतात, म्हणजे दर लिटरमध्ये साखरेचे रेणू किती. त्याचं युनिट मिलिमोल प्रति लिटर. साखरेसाठी दोघांतलं नातं सोपं आहे: मिलिमोलला १८ ने गुणा, की आपला आकडा मिळतो. ७ म्हणजे १२६, आणि उपाशीपोटी एवढी किंवा जास्त आली तर डॉक्टर मधुमेहाचा विचार करतात. ३.९ म्हणजे ७०; त्याखाली साखर धोकादायकरीत्या उतरू लागते. परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेलं ग्लुकोमीटर घरी असेल तर हा ३.९ चा आकडा पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. अशा बऱ्याच मीटरमध्ये युनिट बदलता येत नाही.

आता इथेच दुसरी फसगत होते. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात ती एचबीए१सी टक्क्यांत येते, आणि तिथेही ७ हा आकडा नेहमी दिसतो. पण ७ टक्के आणि ७ मिलिमोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचबीए१सी ७ टक्के असेल तर साखरेची सरासरी साधारण १५४ धरतात. ब्रिटनच्या रिपोर्टमध्ये तर हीच चाचणी टक्क्यांत नसतेच. आपले ७ टक्के तिथे ५३ म्हणून येतात आणि साडेसहा टक्के ४८ म्हणून. ५३ पाहून घाबरू नका, आणि ७ पाहून निश्चिंतही होऊ नका.

१८ ने गुणणं फक्त साखरेला चालतं, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. डझनभर संत्र्यांचं वजन आणि डझनभर लिंबांचं वजन सारखं नसतं, तसा प्रत्येक पदार्थाचा रेणू वेगळ्या वजनाचा. कोलेस्टेरॉल मिलिमोलमध्ये असेल तर ३८.७ ने गुणायचं (५.२ म्हणजे सुमारे २००), ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) असतील तर ८८.६ ने (१.७ म्हणजे १५०). किडनीसाठी पाहतात ते क्रिएटिनिन तिकडे मायक्रोमोलमध्ये येतं, त्याला ८८.४ ने भागा. ९७ पाहून घरात रडारड झालेली आम्ही पाहिली आहे. ते होतं १.१. व्हिटॅमिन डी नॅनोमोलमध्ये असेल तर अडीचने भागलं की पुरे. सोडियम, पोटॅशियम आणि थायरॉईडच्या टीएसएचमध्ये युनिटचं नाव बदललेलं दिसलं तरी आकडा बहुधा तोच राहतो.

परदेशाचा संबंध नसतानाही, इथल्याच दोन लॅबच्या कागदांत घोळ होतो, तो युरियाचा. एक लॅब ‘ब्लड युरिया’ देते, दुसरी ‘बीयूएन’, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. युनिट दोन्हीकडे एमजी/डीएलच. त्यामुळे युनिट पाहूनही फरक कळत नाही, चाचणीचं नावच वाचावं लागतं. बीयूएन १४ म्हणजे युरिया ३०. आधी युरिया ३० आणि महिन्याने बीयूएन २८ आला, तर किडनी सुधारली असं वाटेल. प्रत्यक्षात २८ ला २.१४ ने गुणल्यावर युरिया ६० होतो, म्हणजे दुप्पट.

पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचे फोन सुरू होतात. "फक्त १२०?" नाही हो. १.२ लाख, १,२०,००० आणि ‘१२० हजार प्रति मायक्रोलिटर’ हे तिन्ही एकच. बालाघाट-छिंदवाड्याहून किंवा गडचिरोलीहून पेशंट नागपूरला हलवताना फोनवर नुसता आकडा सांगितला जातो आणि ऐकणारा भलतंच समजतो. लाख की हजार, तेवढं आवर्जून सांगा.

काही चाचण्यांत असा हिशेब करूच नका. लायपोप्रोटीन-ए ही हृदयविकाराचा धोका पाहायची चाचणी कुठे मिलिग्रॅममध्ये असते, कुठे नॅनोमोलमध्ये. पण या कणाचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे कोणताही एक गुणक सगळ्यांना लागू पडत नाही. फेरीटिन (शरीरातला लोहाचा साठा), पीएसए (पुरुषांची प्रोस्टेटची चाचणी), हार्मोन्स यांत युनिट सारखं असलं तरी पद्धतीप्रमाणे लॅबलॅबमध्ये आकडा बदलतो. अशा चाचण्या शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. आमच्याकडेच करा असं नाही, पण एकीकडेच करा.

आणि कुठलाही रिपोर्ट त्याच कागदावर छापलेल्या रेफरन्स रेंजशी (नॉर्मल आकड्यांच्या मर्यादेशी) ताडून पाहा, शेजाऱ्याच्या किंवा इंटरनेटवरच्या रेंजशी नाही. आपण केलेला हिशेब समजून घेण्यापुरता ठेवा. त्यावरून गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त करू नका, ते काम डॉक्टरांचं.

परदेशातला किंवा दुसऱ्या लॅबचा जुना रिपोर्ट असेल तर मूळ कागद घेऊन काउंटरवर या. त्यातले आकडे आपल्या युनिटमध्ये करून, जुन्या आकड्याच्या शेजारी लिहून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. मोबाइलवर फोटो दाखवणार असाल तर पूर्ण पानाचा काढा. बहुतेक फोटोंत नेमका उजवीकडचा, युनिटचा रकानाच कापला गेलेला असतो.