प्रोसेसर-निवड (खेळ व जड कामासाठी)

एकाच संगणकावर गेम खेळणे आणि व्हिडिओ-संपादन, त्रिमितीय रेंडरिंग, कोड कंपाइल करणे अशी जड कामे उरकणे, या दोहोंना पुरेल असा प्रोसेसर ठरवणे.

आरंभ : गेमसाठी मोठी कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती) की जड कामासाठी जास्त कोअर (हिशोब करणारे स्वतंत्र भाग), हा पेच केव्हा उद्भवला, याची दोन उत्तरे संभवतात. पहिले २००५. उष्णता आवरेना, म्हणून घड्याळाचा वेग (प्रोसेसरचे दर सेकंदाचे ठोके) वाढवणे जवळपास थांबले होते. त्या वर्षी इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा ॲथलॉन ६४ एक्स२ हे दोन कोअरचे प्रोसेसर आले आणि वेगाऐवजी कोअर वाढू लागले. दुसरे उत्तर २०२२. एएमडीच्या त्या वर्षीच्या रायझन ७ ५८००एक्सथ्रीडीमध्ये ३२ मेगाबाइट कॅशवर ६४ मेगाबाइटचा थर चढवून एकूण कॅश ९६ वर नेली. कमाल वेग मात्र हा थर नसलेल्या ५८००एक्सच्या ४.७ गिगाहर्ट्‌झवरून ४.५ वर उतरला. गेम उजळले, रेंडरिंग मात्र किंचित मागेच पडले. कारणाच्या दृष्टीने २००५ अधिक ग्राह्य वाटते. ग्राहकाला पेच जाणवला तो बहुधा २०२२ नंतर.

कारणमीमांसा : गेमचा मुख्य हिशोब थोड्याच कोअरवर चालतो आणि रॅममधून माहिती येईपर्यंत कोअर ताटकळतो. मोठी कॅश ही वाट पाहणे वाचवते. रेंडरिंगचे चित्र मात्र तुकडे करून वाटून देता येते. वाटपालाही मर्यादा आहे, ती ॲमडालच्या नियमाने (१९६७) कळते : कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल, तर ८ कोअरवर ते सुमारे ४.७ पट आणि १६ कोअरवर ६.४ पटच वेगाने होते. कोअर दुप्पट, लाभ दीडपटीहूनही कमी.

दोन्ही गुण एकत्र आणणाऱ्या रायझन ९ ७९५०एक्सथ्रीडीमध्ये (२०२३) १६ कोअर दोन चिपांत विभागलेले असून वाढीव कॅश एकाच चिपवर आहे. गेम त्याच चिपवर चालवणे विंडोज आणि ड्रायव्हरच्या हाती. अंदाज चुकला तर गेमच्या दर सेकंदाच्या फ्रेम (चित्रे) घसरतात. म्हणून गेमचे तास जास्त असतील तर मोठ्या कॅशचा ८ कोअरवाला साधा प्रोसेसर बरा. रेंडरिंगवर पोट असेल, तर १६ कोअर घ्यावेत. ४के (अधिक बारीक चित्राच्या) पडद्यावर भार ग्राफिक्स कार्डावर जातो आणि कॅशचा फरक पुसट होतो.

ठाणे-नवी मुंबई : हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २२ अंशांच्या खोलीत ७८ अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ऐरोलीतल्या ३४ अंशांच्या बंद खोलीत ढोबळमानाने ९० वर जातो. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा २५३ वॉट आहे. रात्रभर रेंडर लावला की ती सारी उष्णता खोलीतच उतरते. कूलरचा आणि एसीचा खर्च प्रोसेसरच्या किमतीत धरूनच तुलना करावी.

खरेदी : ऑनलाइन, स्थानिक दुकानांतून किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून (डॉ. भडकमकर मार्ग). एएमडीच्या एएम५ सॉकेटपासून (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात. इंटेलकडे त्या २००४ पासूनच तशा आहेत. बोर्ड दुकानातच उघडून, मोबाइलच्या टॉर्चखाली तिरपा धरून पाहावा. सरळ पिनांची रांग एकसारखी चमकते. वाकलेली पिन तेवढी काळसर दिसते.