धोरणजन्य जनाधार-घट

सत्तेवरील राष्ट्राध्यक्षाचा पाठिंबा विरोधकांच्या जोरामुळे किंवा घोटाळ्यामुळे नव्हे, तर त्याच्याच निर्णयांमुळे आटणे. अध्यक्षीय पद्धतीत हे ठळक दिसते, कारण राग काढायला एकच नाव समोर असते. भारतात राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभा पाटील राष्ट्रपती होत्या (२००७–१२), तेव्हाही कापसाच्या भावाचा जाब त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

खानदेशातल्या शेतकऱ्याला चटकन पटेल असे उदाहरण श्रीलंकेचे. गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबर २०१९ मध्ये ५२ टक्के मते घेऊन निवडून आले. लगेच त्यांनी मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि तिजोरीला भोक पडले. मे २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. सेंद्रिय शेतीसाठी जाहीरनाम्यात दहा वर्षांची मुदत होती. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला ऐन वाढीच्या दिवसांत युरिया-पोटॅश मिळणार नाही असे सांगावे, तशी गत तिथल्या भात आणि चहा पिकवणाऱ्यांची झाली. नोव्हेंबरात बंदी उठली, तोवर हंगाम हातचा गेला होता. जुलै २०२२ मध्ये जमाव राष्ट्राध्यक्ष निवासात घुसला आणि राजपक्षे देश सोडून गेले. करोनाने पर्यटन बुडवले हे खरे. पण खतबंदी त्यांच्यावर कोणी लादली नव्हती.

नुकसान झाले की पाठिंबा जातोच, असे मात्र नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्या २०१८ च्या व्यापारयुद्धात चीनने अमेरिकी सोयाबीनची खरेदी घटवली. सरकारने दोन वर्षांत सुमारे २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, आणि २०२० मध्येही ग्रामीण मतदार बहुतांशी ट्रम्प यांच्याच बाजूने राहिला.

संसदीय पद्धतीत हाच राग स्थानिक उमेदवारावर निघतो. २०२४ च्या लोकसभेत भाजपचे सुभाष भामरे धुळ्यात ३,८३१ मतांनी पडले. त्याचे खापर कांदा निर्यातबंदीवर फोडले जाते, पण ते अर्धेच पटते: धुळे मतदारसंघातल्या कांद्याच्या बागलाण विधानसभा क्षेत्रात भामरे पुढे होते, निकाल फिरला मालेगाव मध्य या क्षेत्रात. जुलैपासून महिलांसाठी ‘लाडकी बहीण’चे दरमहा दीड हजार रुपये लागू झाले आणि नोव्हेंबरच्या विधानसभेत महायुतीने खानदेशातल्या २० पैकी १९ जागा घेतल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले. कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. मूळ शुल्काचा निर्णय वॉशिंग्टनचा, पण बिनशुल्क परदेशी कापसाशी स्पर्धा आली, आणि खेडा खरेदीला (गावात येऊन माल घ्यायला) आलेल्या व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत घालायची वेळ चोपड्याच्या कापूसवाल्यावर आली.