ते दोन आठवडे आले कुठून?

लग्न १२ मेला झालं. २० जूनला पहिली सोनोग्राफी, आणि रिपोर्टवर लिहिलेलं: सात आठवडे. सासूबाईंनी बोटांवर मोजलं. लग्नाला तर साडेपाच आठवडेच झाले होते. त्या संध्याकाळी त्या घरात काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. मुलगी माझी भाची. रात्री फोनवर तिने एवढंच विचारलं, "मावशी, मशीन चुकतं का गं?"

मशीन चुकलं नव्हतं आणि मुलगीही खरंच बोलत होती. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे गर्भ राहिल्या दिवसापासून मोजत नाहीत. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तिथून मोजतात. तिची पाळी २ मेला आली होती. २ मे ते २० जून म्हणजे बरोबर ४९ दिवस. गर्भ राहिला असेल तो १६ मेच्या आसपास, म्हणजे लग्नानंतरच. या हिशेबातल्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटात गर्भ नसतोच. हे एवढं साधं वाक्य रिपोर्ट हातात देताना कुणी सांगत नाही, आणि त्याची शिक्षा बाईला होते.

मग गर्भ राहिल्या दिवसापासूनच का मोजत नाहीत? इथे शरीराची एक विलक्षण गंमत आहे.

पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बीजकोशातल्या काही पुटिका, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या बारीक पिशव्या, वाढू लागतात आणि त्यांतली बहुधा एकच पुढे जाते. वाढताना ती इस्ट्रोजेन हे संप्रेरक सोडते. इतर वेळी इस्ट्रोजेन मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला आवरून धरतं. पण त्याची पातळी खूप वर जाऊन साधारण दोन दिवस तशीच टिकली, की परिणाम नेमका उलटतो: ग्रंथी एलएच नावाच्या संप्रेरकाचा लोंढा सोडते आणि सुमारे दीड दिवसात पुटिका फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. ती पातळी गाठायला पुटिकेला किती दिवस लागतील ते ठरलेलं नसतं. कुणाला अकरा, कुणाला वीस. पीसीओडी (बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असेल तर त्याहून कितीतरी जास्त. एकाच बाईचंही दर महिन्याला बदलतं.

दुसरा भाग मात्र बराच नेमका. फुटलेल्या पुटिकेचा पिवळसर गोळा होतो, त्याला पीतपिंड म्हणतात. तो प्रोजेस्टेरॉन बनवून गर्भाशयाचं अस्तर सांभाळतो आणि साधारण चौदा दिवसांनी सुकतो. अस्तर गळतं, पाळी येते. म्हणजे पाळी आली की चौदा दिवस मागे जाऊन बीज कधी सुटलं ते बऱ्यापैकी सांगता येतं. पण गर्भ राहिला तर तो स्वतः एचसीजी नावाचं संप्रेरक सोडून पीतपिंडाला जगवतो आणि पाळी येतच नाही! ज्या खुणेवरून मागे मोजायचं, तीच गर्भ पुसून टाकतो. मग हातात उरते फक्त मागची पाळी, आणि तिच्यापासून पुढे मोजायचं तर वाटेत तो बेभरवशाचा पहिला भाग येतो.

संबंध आला ती तारीखही नेमकं उत्तर देत नाही. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत वाट पाहू शकतात. सोमवारचा संबंध आणि शुक्रवारचा गर्भ, असं होऊ शकतं.

प्रसूतीची तारीख काढायचा जो नियम आजही वापरतात, तो जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो आणि एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १ जूनला पाळी आली असेल तर ८ मार्च. हे होतात २८० दिवस. आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, दोनच दिवसांचा फरक! पण हा नियम २८ दिवसांचं चक्र गृहीत धरतो. चक्र ३५ दिवसांचं असेल तर बीज आठवडाभर उशिरा सुटतं आणि तारीख १५ मार्चकडे सरकते.

म्हणून लवकर केलेली सोनोग्राफी मोलाची. १९७३ मध्ये ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी डोक्यापासून बुडापर्यंतची गर्भाची लांबी मोजून वय काढायची रीत मांडली. पहिल्या तीन महिन्यांत सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात. लांबी १० मिलिमीटर असेल तर सात आठवडे, ४५ असेल तर सव्वाअकरा. चूक फार तर पाच-सात दिवसांची. (हे आठवडेही पाळीपासूनचेच.) पुढे कुणी आईवर जातं, कुणी बापावर, आणि वेग वेगळे होतात. नवव्या महिन्यातला रिपोर्ट तीन आठवडेही चुकू शकतो. त्यावर छापलेली नवी तारीख पाहून 'डॉक्टरांनी तारीख बदलली' असं घाबरून जाऊ नका. पहिल्या सोनोग्राफीनंतर ठरलेली तारीखच धरायची. तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

आणि तीसुद्धा अंदाजच. त्या नेमक्या दिवशी शंभरात चार-पाचच बाळं जन्मतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संप्रेरकं मोजून बीज सुटल्याचा दिवस पक्का केला होता, अकाली प्रसूती वगळल्या होत्या, तरी गर्भारपणाच्या लांबीत ३७ दिवसांची तफावत आढळली. असं असताना ज्योतिषाकडून मुहूर्त काढून अडतिसावा आठवडा पुरा होण्याआधीच सिझर करवून घेणारी कुटुंबं पाहिली की मला राग येतो. गरज नसताना एकोणचाळीस आठवड्यांआधी बाहेर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो.

भाचीच्या घरी मी दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं कालनिर्णय घेऊन बसले. २ मेवर पेनाने गोल केला, १६ मेवर दुसरा. सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः पुन्हा मोजलं, दोनदा. मग म्हणाल्या, "म्हणजे बाळंतपण फेब्रुवारीत. थंडीतच."