शिक्षक संघटनेमार्फत दाद मागताना : पात्रता, कागदपत्रे, अर्ज

वेतनवाढ अडली, ज्येष्ठता यादीत नाव खाली गेले किंवा निलंबनाचा कागद हाती पडला, की गोव्यातल्या खाजगी शाळांतले काही शिक्षक थेट कामगार खात्यात जातात. तिथे वेळ फुकट जातो. 1988 मध्ये गोव्यातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शिक्षक हे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातले ‘कामगार’ नव्हेत. (ग्रॅच्युइटी मात्र वेगळी. 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांना तो हक्क 3 एप्रिल 1997 पासून लागू झाला आणि तो दावा कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडेच जातो.) बाकी सेवेच्या बाबतीत आधार आहे तो गोव्याचा 1984 चा शालेय शिक्षण कायदा आणि 1986 चे नियम यांचा.

संघटनेची मदत कोणाला मिळते, हे तिच्या घटनेत लिहिलेले असते. चालू वर्षाची वर्गणी भरल्याची पावती आधी शोधा.

कागद असे लागतात : नियुक्तीपत्र, नेमणुकीला शिक्षण खात्याने दिलेले मान्यतापत्र, सेवापुस्तकाच्या संबंधित पानांची प्रत, शेवटची वेतनपावती आणि ज्या आदेशावर तक्रार आहे तो आदेश. त्याचा लिफाफाही जपून ठेवा, कारण मुदतीचा वाद उठला तर आदेश कधी हाती पडला हे पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येते. नियुक्तीपत्रातली आणि सेवापुस्तकातली रुजू तारीख एकच आहे ना, हे अर्जाआधीच ताडून पाहा. एका दिवसाच्या फरकानेही फाइल परत येते.

अर्ज मुख्याध्यापकांमार्फत व्यवस्थापनाला करा आणि प्रत संघटनेला द्या. अर्जात एकच मागणी असावी. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. ‘बघतो’ या तोंडी शब्दावर संघटनेला पुढे भांडता येत नाही, आवक क्रमांकावर येते. प्रत घ्यायला नकार मिळाला तर अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. नको असलेला आदेश स्वीकारताना सहीखाली ‘हरकत राखून मिळाला’ असे लिहून तारीख घाला.

तिथे दाद लागली नाही, तर संघटना तो विषय भागशिक्षणाधिकारी किंवा विभागीय कार्यालयाकडे आणि पुढे पर्वरीच्या शिक्षण संचालनालयात नेते. फाइल कुठे अडली हे कळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस आणि त्यानंतर पहिल्या अपिलाला आणखी 30 दिवस. इथे एक चूक वारंवार होते : अर्ज संघटनेच्या नावाने जातो. हा हक्क नागरिकाचा आहे, म्हणून अर्जदार स्वतःच्या नावाने सही करतो. ‘माझ्या वेतननिश्चितीच्या फाइलवरील टिपणीची प्रत’ असे नेमके मागा. दुसऱ्या शिक्षकाचे सेवापुस्तक मागितले तर खाजगी माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी.

बडतर्फी झाली असेल तर या पायऱ्यांवर रेंगाळू नका. खाजगी शाळेतल्या शिक्षकाचे अपील प्रशासकीय लवादाकडे जाते आणि संचालनालयाशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. आदेश मिळाला त्याच आठवड्यात कागद संघटनेच्या वकिलाकडे पोचवा, पण प्रतीच द्या. मूळ कागद आपल्या घरी राहू द्या.