लोडसेलचे अंशशोधन (सायलो व हॉपर)

सायलो (माल साठवायचे उंच कोठार), हॉपर (खाली निमुळते होणारे, माल सोडायचे भांडे) किंवा टाकीच्या पायांखालच्या लोडसेलने, म्हणजे भार मोजणाऱ्या संवेदकाने, दाखवलेले वजन प्रमाणित वजनाशी ताडून पाहणे आणि फरक निघाल्यास इंडिकेटरमध्ये (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रात) तो काढून टाकणे, याला अंशशोधन म्हणतात. हा शब्द परिभाषेतला. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले वसाहतीत ‘कॅलिब्रेशन’च चालतो. इथल्या फाउंड्र्यांत साच्याची वाळू आणि बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) हॉपरमध्ये तोलून मिक्सरमध्ये सोडतात. साखर कारखान्यांत ५० किलोची पोती भरतानाही काम लोडसेलच करतो.

लोडसेल म्हणजे स्ट्रेन गेज (ताणले-दबले की विद्युत रोध बदलणारी बारीक पट्टी) चिकटवलेला धातूचा ठोकळा. भार आला की तो किंचित दबतो, गेजचा रोध बदलतो आणि व्हीटस्टन सेतूतून (रोधातला सूक्ष्म फरक व्होल्टेजमध्ये दाखवणाऱ्या जोडणीतून) काही मिलिव्होल्ट बाहेर पडतात. चार पायांखाली १० टनांचे चार सेल, प्रत्येक २ मिलिव्होल्ट प्रतिव्होल्टचा (पूर्ण भाराला पुरवठ्याच्या दर व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट देणारा) आणि पुरवठा १० व्होल्टचा असेल, तर ४० टनांना २० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे एका किलोला अर्धा मायक्रोव्होल्ट. एवढ्याशा संकेतावर सारा हिशेब उभा असतो.

तरीही वजन चुकले की दोष बहुधा सेलचा नसतो, हॉपरला जखडलेल्या पाइपांचा असतो. पूर्ण भाराखाली सेल दबतो तो मिलिमीटरच्या अंशाने. तेवढ्यात ताठ पाइप भाराचा वाटा स्वतःच्या अंगावर घेतो. हा वाटा भाराच्या प्रमाणात राहिला तर अंशशोधनात सामावतो, पण उन्हाने पाइप ताणला किंवा कोणी फ्लँज (पाइप जोडणारी बोल्टची कडी) आवळला की आकडा पुन्हा हलतो. म्हणून जोडणीत रबरी किंवा कापडी बेलोज (भात्यासारखा लवचीक तुकडा) हवाच. तो नसेल तर वजने टांगण्याचा खटाटोप फुकट.

आधी हॉपर रिकामा करून, भिंतींना चिकटलेला माल पाडून झिरो घेतात, म्हणजे इंडिकेटरवरचा आकडा शून्यावर आणतात. मग प्रत्येक पायाजवळ तेच वजन आळीपाळीने टांगून आकडा सारखा येतो का पाहतात. न आल्यास जंक्शन बॉक्समधले (सगळ्या सेलच्या तारा एकत्र येतात त्या डब्यातले) ट्रिमर, म्हणजे जुळवणीचे छोटे स्क्रू, फिरवतात. त्यानंतर स्पॅन, म्हणजे शून्यापासून पूर्ण भारापर्यंतचा आकडा जुळवणे. इथे खरी अडचण येते. सायलो २० टनांचा, आणि हाताशी २० किलोची ५० बिडाची वजने, म्हणजे जेमतेम एक टन. यावर उपाय बदली पद्धतीचा. एक टन टांगायचा, आकडा टिपायचा, वजने उतरवायची आणि तोच आकडा येईपर्यंत वाळू सोडायची. वाळू तशीच ठेवून पुन्हा वजने टांगली की दोन टन झाले. असे चढत जायचे. कष्टाचे काम आहे, आणि दर पायरीला थोडी चूक साचत जाते. पण हॉपर, पाइप, सेल, केबल असे सगळे एकत्र तपासले जाते.

घाईत असणारे सिम्युलेटरने (सेलऐवजी कृत्रिम संकेत देणाऱ्या उपकरणाने) मिलिव्होल्ट देऊन किंवा सेलच्या प्रमाणपत्रावरचे आकडे भरून मोकळे होतात. त्यात इंडिकेटर तपासला जातो, हॉपर नाही. शिवाय गुरुत्वाकर्षणाचा फरक राहतो: कोल्हापुरात ते सुमारे ९.७८ मीटर प्रतिसेकंद वर्ग, तर उत्तर युरोपात ९.८१. तिकडे किलोत जुळवलेला सेल इथे सुमारे ०.३ टक्के कमी दाखवतो. २० टनांत तो फरक ५० किलोंच्या पुढे जातो. जागेवर वजने टांगली की तो आपोआप मिटतो. हायड्रॉलिक जॅकने भार देऊन तो संदर्भ लोडसेलशी ताडण्याची पद्धत वजने टांगणे आणि सिम्युलेटर या दोहोंच्या मधली.

खरेदी-विक्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या काट्यांना वैधमापन अधिनियम, २००९ लागू होतो. त्यांची पडताळणी आणि मुद्रांकन वैधमापन विभाग करतो. प्रक्रियेतल्या हॉपरचे वेळापत्रक बहुधा कारखानाच ठरवतो. साखर कारखान्यांत हे काम मोळी पडण्यापूर्वी, म्हणजे गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी उरकतात, आणि तेव्हा सर्वांत आधी जंक्शन बॉक्स उघडणे शहाणपणाचे. पावसाळाभर ग्लँडमधून (केबल आत जाते तिथल्या कसणीतून) ओल आत शिरलेली असते, इन्सुलेशन उतरलेले असते आणि रिकाम्या हॉपरचा झिरो एका जागी थांबत नाही. टर्मिनल कोरडे करून, केबलची ग्लँड आवळून आकडा स्थिरावला, की मगच वजनांना हात लावायचा.