लांब ऐकू जाणारी वाद्यं खोलीत आली त्याची गोष्ट

पणजी-मडगावच्या कॅफेंत संध्याकाळी गिटार आणि बासरी, नाहीतर गिटार आणि क्लॅरनेट असं काहीतरी हळू वाजत असतं. गाणारं कोणी नसतं. बाहेरून आलेल्याला वाटतं, गोवा आणि पोर्तुगीज म्हटल्यावर असलं मऊ संगीत इथं पिढ्यान्‌पिढ्यांचं असणार. गिटारपुरतं ते थोडंफार खरं आहे. फुंकून वाजवायच्या वाद्यांचं मात्र अगदी उलट. गोव्यात ती वाजली ती मुख्यतः लांबवर ऐकू जावीत म्हणून.

सनईच घ्या. १५६० मध्ये मंगेशाचं लिंग कुठ्ठाळहून जुवारीपलीकडे प्रियोळला हलवलं गेलं. तशी कितीतरी दैवतं बाटाबाटीच्या धास्तीनं अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आली. देवळं तिथं नव्यानं उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर चौघडा-सनईही. देवाची पालखी निघाल्याचं चार वाड्यांना कळलं पाहिजे, हे सनईचं काम. ती कानाशी कुजबुजणार कशी!

नदीच्या अलीकडे, तिसवाडी-बारदेश-सासष्टीत, चर्चच्या शाळांतून सोळाव्या शतकापासून पोरांना सोल्फा, म्हणजे स्वर वाचून गाणं, आणि पुढे व्हायोलिनही शिकवलं जाई. शिकवणारा तो मेस्त्री. आपला गवंडी नव्हे. त्या शिक्षणातून पुढे बँडवाले तयार झाले. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, पहाटे क्लॅरनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट घेऊन बँड आल्वोराद, म्हणजे पहाटेची धून, वाजवत वाड्यावाड्यांतून फिरतो. अंत्ययात्रेतही तोच बँड. म्हणजे इथंही वाद्य उघड्यावरचं. (सॅक्सोफोन पितळेचा असूनही काष्ठवाद्यांत मोडतो, कारण त्याचा आवाज क्लॅरनेटसारखा बोरूच्या पत्तीतून निघतो.)

गिटार घरात होती, पण मागच्या बाकावर. एकोणिसाव्या शतकात घरंदाज ख्रिस्ती दिवाणखान्यांत मांडो हा कोकणी गाण्या-नाचाचा प्रकार रंगला. तिथं मान गाण्याचा आणि व्हायोलिनचा, ठेका घुमटाचा. गिटार सुरांना टेकू देत बसायची. फादो या पोर्तुगीज गाण्यांतही तिचा दर्जा तोच. गिटार्रा हे नाव तिथं बारा तारांच्या पोर्तुगीज वाद्याला, आणि आपण जिला गिटार म्हणतो ती नुसती व्हिओला.

मग गिटार आणि बासरी जोडीनं, गाण्याशिवाय कधी बसली? युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. मावरो जुलियानी हा इटालियन गिटारवादक १८०६ पासून व्हिएन्नात होता. त्यानं बासरी आणि गिटारसाठी बरंच लिहिलं. तेव्हाची गिटार लहान, तारा आतड्याच्या, आवाज बेताचा. बासरी लाकडी, तीही सौम्य. दोघी एका खोलीत मावत होत्या. नंतर थिओबाल्ड बोहेमनं १८३२ मध्ये बासरीच्या चाव्यांची नवी मांडणी आणि १८४७ मध्ये धातूची नळी आणली, तिचा आवाज वाढला. स्पेनमध्ये आंतोनियो दे तोर्रेसनं गिटारचं पोट मोठं केलं. तारांचा प्रश्न राहिला तो दुसऱ्या महायुद्धापर्यंत. युद्धात आतड्याची तार शस्त्रक्रियेच्या टाक्यांना जाऊ लागली, गिटारवाल्यांना मिळेना, तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टिननं नायलॉन वापरून पाहिलं. आज कॅफेतल्या शास्त्रीय गिटारचा जो गोलसर, मऊ आवाज आपल्याला ‘जुन्या जमान्यातला’ वाटतो, तो त्या टंचाईतून आला.

जोडी जमण्याचं कारण साधं आहे. तार छेडली की स्वर लगेच विरायला लागतो. बासरीचा स्वर श्वास आहे तोवर टिकतो. गिटार खालच्या पट्टीत मोकळ्या जागा सोडते, बासरी वरून त्या भरते. दोघांनी एकमेकांवर चढायचा प्रयत्न केला तर मात्र सगळं बिघडतं. तसे प्रयत्न मी पुष्कळ ऐकलेत.

आपल्याकडे ही जोडी घराघरांत नेली ती १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेनं: हरिप्रसाद चौरसियांची बासरी, शिवकुमार शर्मांचं संतूर आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्या-त्या प्रहराच्या रागांतून. काबरांची गिटार आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवलेली, म्हणून तीही विरण्याऐवजी गाते. मनाला निवांत करणाऱ्या वाद्यसंगीताची चव मराठी घरांना लागली ती बहुधा इथूनच. जुलियानी आम्हांला फार उशिरा भेटला.

गोव्याचे वाजवणारे तोवर मुंबईत होते. स्वरलिपी वाचता येते म्हणून सिनेमाच्या वाद्यवृंदांत त्यांना मागणी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवर, सेबॅस्टियन डिसोझा वाद्यमेळ रचण्यात. मायक्रोफोनपुढे हळू वाजवलं तरी चालतं, हे बँडवाल्यांच्या पोरांना स्टुडिओत उमगलं असणार, असा माझा तर्क. गावी पणजीत १९५२ मध्ये आंतोनियो द फिगेरेदो यांनी आकादेमिया द म्युझिका सुरू केली होती; पुढे ती कला अकादमीत आली. हणजुण्याच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावरचे हिप्पी, त्यांच्या बासऱ्या आणि मागाहून आलेला ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा धडधडाट हा वेगळाच विषय. शांततेशी त्याचा संबंध किनाऱ्यालगतच्या घरांतल्या माणसांना विचारावा.

क्लॅरनेट कॅफेत आला, सॅक्सोफोन तर कधीच आला. सनई अजून आलेली नाही. ती सकाळी आकाशवाणीवर लागते तेव्हा आपण बटण पिळून बारीक करतो. देवळात तिला बटण नसतं.